जखमी घार, शिक्रा किंवा घुबड सापडलं तर: उचलण्यापासून सोपवण्यापर्यंत

फोन उचलला की पलीकडचं वाक्य बहुतेक ठरलेलं असतं. "गच्चीवर घार पडलीय, आम्ही पाणी पाजलंय, आता काय करायचं?" मला धास्ती वाटते ती त्या पाण्याची. मांजाने चिरलेला पंख डॉक्टर शिवू शकतात. श्वासनलिकेतून फुप्फुसात गेलेलं पाणी काढणं कुणाच्या हातात नसतं, आणि घार बहुतेकदा दोन-तीन दिवसांनी न्यूमोनियाने जाते. पाणी पाजणाऱ्याला ते कधी कळतही नाही. त्याच्या लेखी त्याने तहानलेल्या जिवाला पाणी दिलेलं असतं.

पुण्यात जखमी पक्षी उचलून दवाखान्यात पोचवण्याचं काम मी स्वयंसेवक म्हणून करतो. लोकांच्या चुका तर सारख्या असतातच, त्यांचा क्रमही सारखाच असतो: आधी पाणी, मग खाऊ, मग फोटो, मग पिंजरा, आणि रात्री उशिरा फोन. खरं तर फोन सगळ्यात आधी यायला हवा, आणि पाणी-खाऊ डॉक्टर सांगतील तेव्हा. उपचार पशुवैद्य करतील. पक्षी दिसल्यापासून तो त्यांच्या हाती जाईपर्यंतचे जे दोन-चार तास असतात, तेवढ्यापुरतंच हे मार्गदर्शन आहे.

टप्पा १ : हात लावण्याआधी लांबून बघा

जमिनीवर बसलेला प्रत्येक शिकारी पक्षी जखमी नसतो. वीस-तीस फुटांवरून दहा मिनिटं शांतपणे बघा. शिक्रा पंख पसरून जमिनीवर वाकून बसला असेल तर तो बहुधा पकडलेल्या सरड्यावर किंवा उंदरावर पंखांचं छत धरून बसलेला असतो; कावळ्यांनी घास पळवू नये म्हणून. पावसाची सर येऊन गेल्यावर घारी कठड्यावर पंख उघडून उन्हात बसतात. दोघांनाही तुमची गरज नाही.

सगळ्यात जास्त गोंधळ पिल्लांचा होतो. साधारण फेब्रुवारीपासून उन्हाळा संपेपर्यंत घारींची, शिक्र्यांची आणि पिंगळ्यांची (छोट्या घुबडांची) पिल्लं घरट्याबाहेर पडायला शिकत असतात. पूर्ण पिसं आलेलं पण नीट उडता न येणारं पिल्लू फांदीवरून फांदीवर धडपडतं, कधी खाली येतं, आणि आई-बाप त्याला तिथेच भरवतात. अंगावर फिकट ठिपके, शेपटी आखूड, कुठे कुठे डोकावणारी लव, आणि जवळपास घिरट्या घालणारी मोठी घार: एवढं दिसलं तर ते पिल्लू अनाथ नाही. फक्त कुत्री-मांजरं लांब ठेवा. रस्त्याच्या मधोमध असेल तर उचलून जवळच्या झाडाच्या फांदीवर किंवा भिंतीवर ठेवा. माणसाचा वास लागला की आई पिल्लाला टाकते, हा समज खोटा आहे. वादळात भरकटून पडलेल्या किती पिल्लांना याच समजापायी लोकांनी घरी नेलं असेल!

अंगावर नुसती लव असलेलं, अजून उभं न राहणारं पिल्लू मात्र घरट्यातूनच पडलेलं असतं. त्याला इजा नसेल आणि घरटं दिसत असेल तर परत ठेवणं हाच उत्तम उपाय आहे. घरटं मोडलं असेल तर बुडाला भोकं पाडलेली बांबूची टोपली, आत सुक्या काटक्या, आणि ती त्याच झाडावर घट्ट बांधलेली, एवढं पुरतं. पण हे वनविभागाशी बोलून आणि झाडावर चढायची सवय असलेल्या माणसाकडूनच करून घ्या. चढणाऱ्याच्या डोक्यावर हेल्मेट हवं. घार घरट्याजवळ आलेल्या माणसाच्या डोक्यावर मागून झेप घेते आणि टाळूला टाके पडतात.

गव्हाणी घुबडाबद्दल थोडं वेगळं. इमारतीच्या डक्टमधून, पोटमाळ्यावरून रात्री फूत्कार ऐकू येतो आणि लोक सर्पमित्राला बोलावतात. तो आवाज भुकेल्या पिल्लांचा असतो. काही आठवड्यांत ती उडून जातील. तोवर ती जागा तशीच राहू द्या.

मदत लागते ती अशा वेळी: रक्त दिसतंय, एक पंख दुसऱ्यापेक्षा खाली लोंबतोय, अंगाला मांजा गुंडाळलाय, अंगावर माश्या किंवा मुंग्या चढल्यात, मोठा पक्षी असून तुम्ही हातभर अंतरावर गेलात तरी हलत नाही, किंवा मांजराच्या तोंडातून सुटलाय. मांजराचे दात सुईसारखे असतात. वरून जखम दिसत नाही आणि आत जंतू पसरतात, त्यामुळे असा पक्षी ठणठणीत दिसला तरी डॉक्टरांकडे गेलाच पाहिजे. विजेच्या खांबाखाली सापडलेल्या पक्ष्याचंही तसंच. करंटने भाजलेला पंख पहिल्या दिवशी चांगला दिसतो आणि चार-पाच दिवसांनी काळा पडू लागतो.

सावधान: एकाच जागी बरेच कावळे, बगळे किंवा घारी मेलेल्या अथवा गुंगीत असतील तर कशालाही हात लावू नका. २०२५ च्या जानेवारीत उदगीरमध्ये मेलेल्या कावळ्यांत बर्ड फ्लू सापडला होता, आणि मेलेले कावळे घारी खातात. अशा वेळी पशुसंवर्धन विभागाला कळवा.

टप्पा २ : उचलण्याआधी फोन

महाराष्ट्रात वनविभागाची हेल्पलाइन १९२६ आहे. तिथून तुमच्या भागातल्या वनरक्षकाशी किंवा बचाव पथकाशी जोडून देतात. पक्षी उंच झाडावर लटकत असेल तर अग्निशमन दल, १०१. विजेच्या तारेवर अडकला असेल तर वीज कंपनी, १९१२, आणि पुरवठा बंद झाल्याची खात्री होईपर्यंत काठी, बांबू, गळ, काहीही वर न्यायचं नाही. ओला बांबूही करंट वाहून नेतो.

फोनवर चार गोष्टी सांगा: नेमकी जागा, पक्ष्याचा आकार, काय झालंय असं दिसतं, आणि तो सध्या कुठे आहे (जमिनीवर, झाडावर की खोक्यात). जातीचं नाव येत नसेल तर अंदाजाने गरुड म्हणू नका. "कोंबडीएवढा" किंवा "पारव्याएवढा" असं सांगा, त्याने कामाचं नीट कळतं. लांबून काढलेला एक फोटो पुरतो.

पथक तासाभरात येणार असेल आणि पक्षी सुरक्षित जागी असेल तर उचलूच नका. मोठं टोपलं किंवा खोका त्याच्यावर पालथा घाला, वर हलकी वीट ठेवा आणि लोकांना लांब करा.

कायद्याची बाजू सरळ आहे. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यानुसार शिकारी पक्षी पकडणं आणि बाळगणं गुन्हा आहे. जखमी पक्षी मदतीसाठी उचललात तर कलम ३९ प्रमाणे ४८ तासांच्या आत पोलिस ठाण्यात किंवा वन अधिकाऱ्याला कळवणं बंधनकारक आहे. पहिल्याच तासात केलेला १९२६ चा फोन तुमच्याही रक्षणाचा आहे.

टप्पा ३ : सामान जमवा

पथक येऊ शकत नसेल आणि तुम्हालाच उचलावं लागणार असेल तरच पुढे जा. हात लावण्याआधी सगळं सामान शेजारी हवं. पक्षी एका हातात धरून दुसऱ्या हाताने खोका शोधणारी माणसं मी पाहिली आहेत. तेवढ्या वेळात पक्ष्याचा जीव भीतीने अर्धा होतो.

खोका पुठ्ठ्याचा घ्या. घारीला मिक्सरचा खोका बरोबर बसतो, पिंगळ्याला बुटाचा. आत पक्षी उभा राहू शकला पाहिजे, पंख पसरू शकता कामा नये. खालच्या बाजूला पेन्सिल जाईल एवढी आठ-दहा भोकं पक्षी आत ठेवण्याआधीच पाडून घ्या. तळाला जुनी चादर घाला. वर्तमानपत्रावर पाय घसरतात आणि आधीच दुखरा पक्षी सतत तोल सावरत राहतो.

पकडायला जाड सुती चादर किंवा जुनी ओढणी हवी. टर्किश टॉवेल नको, त्याच्या धाग्यांच्या कड्यांत नख्या अडकतात. घारीएवढ्या किंवा मोठ्या पक्ष्यासाठी हार्डवेअरच्या दुकानात मिळणारे वेल्डिंगचे चामडी हातमोजे उत्तम. सोबत कात्री, स्वच्छ सुती कापड आणि चिकटपट्टी.

तारेचा पिंजरा घेऊ नका, कुणी आणून दिला तरी. घाबरलेला पक्षी जाळीवर आपटत राहतो आणि शेपटीची, पंखांची लांब पिसं मोडतात. मोडलेलं पीस पुढच्या पिसझडीपर्यंत नवं येत नाही. पंखाची जखम महिन्याभरात भरते आणि मोडक्या पिसांमुळे तोच पक्षी आणखी कितीतरी महिने कोंडून राहतो. पोपटाच्या पिंजऱ्यात ठेवलेल्या अशा घारी दवाखान्यात आल्या की मला फार वाईट वाटतं, कारण हे नुकसान नंतर झालेलं असतं आणि सहज टाळता आलं असतं.

तपासा: खोका उघडा आहे, भोकं पाडली आहेत, तळाला कापड आहे, पंखा बंद आहे, खिडक्या लावल्या आहेत, पाळीव प्राणी दुसऱ्या खोलीत आहेत.

टप्पा ४ : पकडणं

शिकारी पक्ष्याचं शस्त्र म्हणजे पंजा. लोक चोचीला घाबरतात आणि हात नेमका पायांजवळ नेतात.

पक्ष्याच्या मागून, वाकून, न बोलता जा. चादर अशी टाका की डोक्यासकट सगळा पक्षी एकदम झाकला जाईल. डोळ्यांपुढे अंधार झाला की तो बराचसा शांत होतो. शिकारीसाठी ससाणे पाळणारे बाजदार आपल्या बहिरी ससाण्याच्या डोक्यावर कातड्याची टोपी चढवतात ती याच कारणाने: समोर काही दिसेनासं झालं की शिकारी पक्षी धडपड थांबवतो. बाज पाळण्याची परंपरा भारतात आता कायद्याने संपलेली आहे, पण जखमी पक्षी हाताळण्याचं निम्मं ज्ञान तिथूनच आलंय.

मग दोन्ही तळहातांनी, चादरीवरूनच, पंख त्यांच्या नैसर्गिक घडीत अंगाशी दाबा. खांद्यांच्या बाजूने धरा. हात खाली सरकवत दोन्ही पाय मांडीच्या वरच्या भागात पकडा, दोन पायांच्या मध्ये एक बोट ठेवून, म्हणजे एक पंजा दुसऱ्याला टोचणार नाही. आता पक्ष्याचं तोंड तुमच्यापासून लांब, पाय ताब्यात आणि डोकं झाकलेलं.

सावधान: छाती आवळू नका. पक्ष्यांना आपल्यासारखा श्वासपटल नसतो. छातीचं हाड पुढे-मागे हललं तरच हवा आत-बाहेर होते. लहान मुलाला छातीशी धरतो तसं प्रेमाने आवळून धरलेला शिक्रा हातातच गुदमरू शकतो.

पंजा हातात रुतलाच तर? हिसका देऊ नका. या पक्ष्यांच्या पायांतल्या कंडरा (स्नायू हाडाला जोडणारे दोर) कुलुपासारख्या बसतात. एकदा आवळलेली पकड फार जोर न लावताही टिकते, आणि तुम्ही ओढलं की ती आणखी घट्ट होते. पाय दुमडलेला असेल तोवर नख्या सुटणार नाहीत. दुसऱ्या माणसाला तो पाय हळूच मागे ताणून सरळ करायला सांगा. पाय सरळ झाला की कंडरा सैल पडतात आणि मागची नखी आधी सोडवता येते. जखम साबणाने भरपूर धुवा आणि धनुर्वाताच्या इंजेक्शनबद्दल डॉक्टरांना विचारा.

घुबड पाठीवर पडून पाय वर करतं, पंख फुगवतं, चोच वाजवतं. ते मरत नाही, लढायच्या तयारीत असतं. चादर वरून टाका. ती नख्यांनी धरली की तसंच गुंडाळून उचला.

गिधाडाचं सगळं उलटं आहे. पाय दुबळे, चोच मात्र कातडं फाडणारी, आणि घाबरलं की ते ओकतं. गिधाड एकट्याने पकडायला जाऊ नये. आणखी एक. २०२४ मध्ये पेंच आणि ताडोब्यातून पाठीवर ट्रान्समीटर लावलेली गिधाडं सोडण्यात आली. ती फार लांब फिरतात, कधी गावात उतरतात. पाठीवर डबी आणि बारीक तार असलेलं गिधाड दिसलं तर हेरगिरीचा पक्षी म्हणून दोरीने बांधू नका. गर्दी हटवा आणि १९२६ ला कळवा. त्याच्यावर लक्ष ठेवणारी माणसं आधीच वाटेत असण्याची शक्यता आहे.

टप्पा ५ : मांजा आणि रक्त

संक्रांतीच्या काळात निम्म्याहून जास्त काम याच टप्प्याचं असतं. येवल्यात तर भोगी, संक्रांत आणि कर असे तीन दिवस पतंग उडतात. पण फोन करीच्या दिवशी थांबत नाहीत. झाडांवर राहिलेला मांजा पुढे कित्येक महिने पक्षी अडकवत राहतो. घारी तो घरट्यातही नेतात आणि पिल्लांच्या पायांना त्याचे फास बसतात. राष्ट्रीय हरित लवादाने २०१७ मध्ये नायलॉन मांजावर देशभर बंदी घातली, तरी तो गल्लीत मिळतो हे आपण सगळे जाणतो.

क्रम लक्षात ठेवा: आधी पक्षी हातात घ्यायचा, मगच मांजा कापायचा. लटकणाऱ्या घारीचा दोरा खालून कुणीतरी कापला आणि ती तीन मजल्यांवरून पडली, असं मी डोळ्यांनी पाहिलंय. पंख बांधलेला असताना ती उडणार कशी?

कापताना पक्ष्याच्या दोन्ही बाजूंना वीतभर दोरा शिल्लक ठेवा. अंगाभोवतीचा गुंता सोडवू नका आणि मांसात रुतलेला दोरा ओढू नका. खांद्यापासून मनगटापर्यंत पंखाच्या पुढच्या कडेला कातडीचा पातळ पडदा असतो आणि त्यातून एक बारीक कंडरा जाते. मांजा बहुतेक वेळा तिथेच बसतो. तो ओढला की करवतीसारखा चालतो आणि उरलीसुरली कंडराही तुटते. ती तुटली की तो पक्षी बहुधा पुन्हा आकाशात जात नाही.

रक्त वाहत असेल तर स्वच्छ सुती कापडाची घडी जखमेवर ठेवून पाच मिनिटं हलक्या हाताने दाबा. मध्येच उचलून बघू नका. हळद, चुना, कॉफी, कुंकू, तेल, मलम यांतलं काहीही लावू नका. तेलकट पदार्थ पिसांना लागला की पिसं चिकटतात, पाणी धरतात आणि पक्ष्याची ऊब जाते. शिवाय डॉक्टरांना जखम शिवण्याआधी ती सगळी भर खरवडून काढावी लागते.

लोंबणाऱ्या पंखाला आइसक्रीमच्या काड्या बांधू नका. पंख अंगाशी नैसर्गिक घडीत ठेवून पक्ष्याभोवती कापड सैलसर गुंडाळा, बस.

माणसांचं वेदनाशामक औषध तर अजिबात नको. गुरांना दिलेल्या डायक्लोफिनॅकमुळे, ती मेल्यावर त्यांचं मांस खाऊन भारतातल्या तीन जातींची ९५ टक्क्यांहून अधिक गिधाडं संपली. जनावरांसाठीच्या त्या औषधावर २००६ मध्ये बंदी आली आणि अ‍ॅसिक्लोफिनॅक व केटोप्रोफेनवर २०२३ मध्ये. आपल्या घरातल्या डब्यात नेमकी हीच नावं असतात.

टप्पा ६ : खोका, अंधार, शांतता

पक्षी खोक्यात ठेवा, हळूच चादर सैल करा, झाकण लावून चिकटपट्टी मारा. खोका घरातल्या सगळ्यात शांत खोलीत, जमिनीवर. टीव्ही बंद. वर "उघडू नका" असं मोठ्या अक्षरांत लिहा, विशेषतः शेजारी मुलं असतील तर.

आता मनावर सगळ्यात जास्त ताबा इथे लागतो. दर पाच मिनिटांनी झाकण उघडून "जिवंत आहे ना" हे बघायचं नाही. शिकारी पक्ष्याला वरून येणारा चेहरा म्हणजे हल्ला. हातात गप्प बसलेली घार बघून लोक म्हणतात, "बघा, किती माणसाळली." ती माणसाळलेली नसते, भीतीने गोठलेली असते. तिचं काळीज जोरात धडधडत असतं आणि प्रत्येक फोटो तिच्या शिल्लक ताकदीतून वजा होतो.

थंडीत, विशेषतः रक्त गेलेल्या पक्ष्याला, ऊब लागते. गरम पाण्याची बाटली कापडात गुंडाळून खोक्याच्या एका बाजूला बाहेरून टेकवा, म्हणजे नको असेल तेव्हा पक्षी दुसऱ्या बाजूला सरकेल. एप्रिल-मेमध्ये उन्हाने कोसळलेल्या घारीला हे करू नका. ती चोच उघडी टाकून धापा टाकत असते. खोका सावलीत, हवेशीर जागी ठेवा आणि तिची अवस्था फोनवर सांगा.

टप्पा ७ : पाणी नाही, खाऊ नाही

याला वेगळा टप्पा द्यावा लागतोय, कारण इथेच हात थांबत नाहीत.

पक्ष्याच्या श्वासनलिकेचं तोंड जिभेच्या मुळाशी उघडं असतं. चोच उघडून ड्रॉपरने किंवा बाटलीच्या झाकणाने टाकलेलं पाणी सरळ तिथे जाऊ शकतं. मान टाकलेल्या पक्ष्याला ते खोकून बाहेरही काढता येत नाही. शिकारी पक्ष्यांना लागणारं बहुतेक पाणी भक्ष्याच्या मांसातूनच मिळतं. पाण्यावाचून दोन-चार तासांत ते मरत नाहीत.

खाण्याचं कारण वेगळं आहे. धक्क्यात असलेल्या, अंगातलं पाणी कमी झालेल्या पक्ष्याची पचनशक्ती थांबलेली असते. घार-शिक्र्यांच्या गळ्याजवळच्या अन्नपिशवीत मांस पडून सडतं आणि त्याचं विष चढतं. म्हणून डॉक्टर आधी ऊब देतात, मग द्रव, आणि मगच थोडं अन्न. दूध-पाव, वरणभात, बिस्किट या पक्ष्यांचं अन्नच नाही. मीठ-मसाल्याचं चिकनही नाही. औषध घालून मारलेला उंदीर देणं म्हणजे तर घुबडाला तेच औषध देणं.

रात्र मध्ये येणार असेल तर? काहीही न देता खोक्यात राहू द्या आणि सकाळी पहिलं काम म्हणून पोचवा. त्याहून जास्त उशीर होणार असेल, उदाहरणार्थ दुर्गम गाव किंवा बंद रस्ता, तर पक्ष्यांवर उपचार करणाऱ्या पशुवैद्याशी फोनवर बोला आणि ते सांगतील तेवढंच करा.

टप्पा ८ : नेणं आणि सोपवणं

दुचाकीवर खोका मागच्या माणसाच्या मांडीवर, दोन्ही हातांनी धरलेला. डिकीत नाही, हँडलला टांगलेला नाही. गाडीत गाणी बंद, एसी बेताचा. कापडात गुंडाळून मांडीवर घेऊन जाऊ नका. वाटेत सुटलेली घार गाडी चालवणाऱ्याच्या तोंडावर येते.

नागपुरात सेमिनरी हिल्सवर वनविभागाचं ट्रान्झिट ट्रीटमेंट सेंटर (जखमी वन्यप्राण्यांचं उपचार केंद्र) आहे, पुण्यात बावधनला. इतरत्र कुठे न्यायचं ते १९२६ वरून कळेल. जवळच्या पशुवैद्यकीय दवाखान्यात आधी फोन करून "शिकारी पक्षी बघता का" असं विचारा. कुत्र्या-मांजरांचे उत्तम डॉक्टरही पक्ष्यांना हात लावायला कधी कधी कचरतात, आणि तिथे रांगेत भुंकणारी कुत्री असतात.

सोबत एक चिठ्ठी द्या. त्यात सापडल्याची तारीख-वेळ, नेमकी जागा, कशात अडकला होता आणि तुम्ही काय काय केलं ते लिहा. पाणी पाजलं असेल तर लाज न बाळगता तेही लिहा. डॉक्टर त्याच दिवशी न्यूमोनियाचा विचार करतील आणि पक्षी वाचू शकेल. जागा नेमकी हवी, कारण बरा झालेला पक्षी शक्यतो तिथेच सोडतात. त्याचा जोडीदार, घरट्याचं झाड, शिकारीच्या जागा सगळं तिथे असतं. "हडपसर" एवढंच लिहिलं तर त्यातून काय कळणार?

तपासा: पायात धातूची किंवा रंगीत कडी असेल तर त्यावरचा आकडा जसाच्या तसा उतरवून द्या, कडी काढू नका. पायात कातडी पट्टा किंवा घुंगरू असेल, पंखांची पिसं सरळ रेषेत कापलेली असतील, पापण्यांना टाके असतील, तर तो पक्षी कुणीतरी पकडलेला किंवा विकलेला आहे. दिवाळीच्या आसपास घुबडांच्या बाबतीत हे जास्त दिसतं. असा पक्षी सोपवताना वन अधिकाऱ्याला हे मुद्दाम दाखवा.

नंतर, आणि सगळ्यात महागात पडणारी चूक

ती चूक म्हणजे "बरा दिसतोय" म्हणून गच्चीवरून हवेत उडवून देणं. खोलीत या टोकापासून त्या टोकापर्यंत उडणं आणि उडत्या भक्ष्यामागे वळणं यांत फार अंतर आहे. दवाखान्यातून निघालेला पक्षी आधी मोठ्या दालनात उडवतात. काही ठिकाणी बाजदारांच्या जुन्या पद्धतीने, पायाला लांब हलकी दोरी लावून मोकळ्या मैदानात रोज थोडं थोडं उडवतात, दम भरतो का, दोन्ही पंख सारखे पडतात का ते बघतात. छातीचं हाड बोटांनी चाचपून अंगावर मांस आलंय का ते तपासतात. ते हाड सुरीच्या पात्यासारखं लागलं तर पक्षी अजून तयार नाही. मोडलेल्या पिसांच्या पोकळ देठात बांबूची बारीक काडी घालून झडलेलं तसंच पीस जोडतात, हीही बाजदारांचीच विद्या. याला आठवडे लागतात, कधी महिने. म्हणून रोज फोन करून "कधी सोडणार" असं विचारू नका; पंधरा दिवसांनी एकदा विचारलंत तर पुरे.

घरी ठेवून वाढवायचा मोह पिल्लाच्या बाबतीत सर्वांत जास्त होतो. हातून खाऊन वाढलेलं पिल्लू माणसालाच आपली जात समजू लागतं. मोठेपणी ते खाण्यासाठी माणसांच्या अंगावर येतं, लोकांच्या दगडांचा मार खातं, आणि स्वतःच्या जातीत जोडीदार शोधत नाही. ते उडतं, पण जंगली पक्षी म्हणून जगू शकत नाही.

संक्रांतीनंतरच्या रविवारी शक्य असेल तर चार जणांनी मिळून आपल्या गल्लीतल्या झाडांवरचा हाताला येईल तेवढा मांजा उतरवा. हातमोजे घाला, विजेच्या तारांपासून लांब राहा. उतरवलेल्या गुंत्याचे बोटाएवढे तुकडे करूनच तो कचऱ्यात द्या. अख्खा गुंता टाकलात तर तो कचरा डेपोवर जातो, आणि शहरातल्या घारींचे थवे रोज तिथेच उतरतात.